तिसरी तार

४ नोव्हेंबर

चौतीस वर्षं सबस्टेशनची लॉगबुकं लिहिली. वेळ, काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, पुरवठा किती वाजता सुरू झाला. काय वाटलं ते लिहायला त्यात रकाना नव्हता. आता अश्विता शारजाहून सांगते, "पप्पा, रोज चार ओळी लिहा. मनातलं लिहा." माझी हरकत नाही. मनात काही सापडलं तर लिहीन.

जलजाक्षीला जाऊन नऊ आठवडे झाले. सकाळी ६.१० ला गंजी, म्हणजे उकड्या तांदळाची पेज, शिजत ठेवली. ६.५० ला जेवलो. मीठ घालायचं राहिलं, ते शेवटच्या घासाला लक्षात आलं. काही फरक पडला नाही.

तिच्या खोलीतला रेडिओ अजून चालूच आहे. बंद कोणी केला नाही म्हणून चालू. हिरवा दिवा, आणि आत कोणी पापड तळत असल्यासारखी खरखर. ही बाई कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिथल्या प्राध्यापकांच्या नादानं परीक्षा देऊन हिनं रेडिओवर बोलायचं लायसन काढलं आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजता माइकपुढे बसली. मंगळूरपासून बेळगावपर्यंतचे पन्नाससाठ हौशी रेडिओवाले एकाच जागी रेडिओ लावून हजेरी देतात, त्याला ते नेट म्हणतात. हजेरी घेणारी ही. सगळ्यांची जलजक्का. मी त्या खोलीत चहा ठेवण्यापुरता जायचो. घरात एकानं हवेत बोलावं, एकानं जमिनीवर राहावं, असं आमचं ठरलेलं होतं.

अश्वितानं फोनवर विचारलं, "मम्मीचा आवाज कुठे आहे का हो पप्पा? कुठे रेकॉर्ड केलेला?" शोधला. मोबाइलवर ती "हं, ठेवते" यापलीकडे बोलायची नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळा नादस्वरच आहे. नाही म्हणून सांगितलं. ती रडली. मी फोन धरून उभा राहिलो.

७ नोव्हेंबर

कल्याणपूरहून फेलिक्स क्रास्ता आला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, स्वतःही लायसनवाला, जलजाचा वीस वर्षांचा दोस्त. मी त्याला पोर्बु म्हणतो, आमच्याकडे ख्रिश्चनांना म्हणतात तसं, तो मला लोकण्णा म्हणतो. त्याची बायको रोझी हिनं डब्यात सान्नं, त्यांच्या ताडीच्या इडल्या, पाठवली होती.

त्याला अश्विताचं सांगितलं. त्यानं सान्न खाली ठेवलं.

"आवाज नाही कोण म्हणतं? तो काय समोर बसलाय!"

"कुठे?"

"रेडिओत. रेडिओवाल्यांच्या स्पर्धेच्या वेळी दोन दिवस तेच ते ओरडून घसा बसायचा तिचा. म्हणून चार वाक्यं आत भरून ठेवायची. बटण दाबलं की रेडिओ तिच्या आवाजात ओरडणार, आणि ही आपली चहा पिणार."

"मग दाब की बटण."

"बटण रेडिओवर नसतं. वेगळी डबी असते, चार बटणांची. तिनं स्वतःच केली होती, साबणाच्या डबीत. गुलाबी. कुठंय ती?"

मला ठाऊक होतं कुठंय. बाराव्यानंतर खोली आवरताना वायरींचं एक खोकं मी स्वतः उचलून भंगारवाल्याला दिलं होतं. गुलाबी डबी वरच होती. साबणाच्या डबीत वायरी कशाला कोंबल्यात, असं तेव्हा मनात आलं होतं, एवढंही आठवतं.

फेलिक्स रेडिओच्या पडद्यावरचं घड्याळ बघत बसला. ते शून्य वाजल्याचं दाखवत होतं. म्हणाला, "वीज गेली की घड्याळ पुसलं जातंय. म्हणजे आतली नाण्याएवढी बॅटरी संपत आलीय. तिच्याच जिवावर आवाज आहे. बॅटरी काढली की गेला. लोकण्णा, रेडिओ बंद करू नकोस. हलवूही नकोस."

"मग आवाज काढायचा कसा?"

"कॉम्प्युटरनं हुकूम द्यायचा, चार नंबर वाजव म्हणून. त्यासाठी दोघांना तारेनं जोडावं लागेल. पण नीट जोडावं लागेल."

तारा जोडण्यात जन्म गेला माझा. मला शिकवतोय.

९ नोव्हेंबर

कॉलेजनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर जलजानं आणून ठेवला होता. मागे नऊ पिनांचं सॉकेट आहे. रेडिओच्या मागेही एक गोल भोक आहे. एकाला बोलायची तार, एकाला ऐकायची, एक जमिनीची. तीन तारा. अकरा हजार व्होल्टच्या लायनी ओढलेल्या माणसाला तीन तारा काय अवघड. सकाळी बसून सोल्डर केल्या, टोकं घासली, ओढून बघितली. सुबक काम झालं. खुपसणार एवढ्यात फेलिक्स दारात.

"थांब! माराया, हात मागे घे आधी!"

"काय झालं?"

"मधे काय घातलंयस?"

"मधे कशाला काही? सरळ जोडलंय."

त्यानं येऊन तार माझ्या हातातून काढूनच घेतली. "कॉम्प्युटरच्या त्या पिनवर बारा व्होल्ट येतात. कधी उणे बारा, कधी अधिक बारा. रेडिओच्या कानाला झेपतात फक्त पाच. हे खुपसलं असतंस तर चिप जळली असती, आणि त्याच बोर्डावर तिचा आवाज आहे."

"बारा व्होल्ट! अरे, बारा व्होल्टनं मुंगी मरत नाही."

"मुंगी नाही मरत. जलजक्का मेली असती."

  मग मी चहा केला. साखर दोनदा घातली.

आज जे झालं त्यानं हात थरथरायला हवे होते. थरथरले नाहीत. लॉगबुकात असं लिहिलं असतं: चुकीची जोडणी, वेळेत लक्षात आली, नुकसान नाही.

१२ नोव्हेंबर

फेलिक्सनं साहित्य आणलं. सोळा पायांची एक चिप बाराचे पाच करते आणि पाचाचे बारा. तिच्यापुढे चार पायांच्या दोन काळ्या टिकल्या. प्रत्येकीत एका बाजूला इवलासा दिवा, समोर इवलासा डोळा. कॉम्प्युटरनं काही म्हटलं की दिवा लुकलुकतो, पलीकडचा डोळा ते बघतो आणि रेडिओला सांगतो. मधे तार नाहीच. "नुसता उजेड ओलांडतो," फेलिक्स म्हणाला. "इकडचा शॉक तिकडे जाणार नाही." मला पटलं. आमच्याकडे असं काही असतं तर मंजुनाथ आज जिवंत असता. त्याला माझ्या शिफ्टमध्ये शॉक लागला होता.

जोडण्याआधी एक मोजणी करू, म्हणून त्यानं मीटरची एक सुई कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावली, दुसरी रेडिओच्या पत्र्याला. नव्वद व्होल्ट.

"लोकण्णा, तुझ्या घरात अर्थिंग आहे का?"

मला हसूच आलं. हा माणूस मला विचारतो. १९९१ साली मी स्वतः खड्डा खणलाय, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं नियमानं. त्याला मागच्या अंगणात नेलं. माती भेगाळलेली. बोट घातलं तर राख.

जलजा रोज संध्याकाळी या जागी एक बादली पाणी ओतायची. इथे पूर्वी अबोली होती, ती कधीच मेली. मी ओट्यावर बसून म्हणायचो, "अगं, मेलेल्या झाडाला किती पाजशील?" ती म्हणायची, "तुमच्या बापाचं काय जातंय." शेजारच्यांनाही सांगून हसवलं होतं मी. एकोणीस वर्षं.

तिच्या रेडिओला चांगली जमीन लागायची. ती मला सांगू शकली असती. वीज मंडळाच्या माणसाला त्याच्याच घरचं अर्थिंग कोरडं पडतंय असं सांगायचं तिला बहुतेक बरं वाटलं नसेल. किंवा माझा विनोद मोडायचा नसेल.

चार बादल्या ओतल्या. फेलिक्सनं परत मोजलं. अकरा व्होल्ट. उद्या आणखी ओतायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर

रोज चार बादल्या. आज दीड व्होल्ट. फेलिक्स खूश. चिपा एका पत्र्याच्या डबीत बसवल्या. दोन्ही यंत्रांचा वेग एक केला, नाहीतर एक घाईत बोलतो आणि दुसऱ्याला कळत नाही. आधी डबी जोडायची, मग कॉम्प्युटर चालू करायचा, उलट नाही. लिहून भिंतीवर लावलंय.

तो उद्या मडगावला जाणार, भाच्याच्या लग्नाच्या रोसला, आपल्या हळदीसारखं असतं ते. आठवडाभर नाही. म्हणाला, "मी आल्यावर बरोबर करू."

"मला काय हात नाहीत?"

"आहेत, त्याचीच भीती. बरं, बघ हवं तर प्रोग्राम उघडून. वाजवू मात्र नकोस, वाजवताना ते हवेत जातं. आणि ही तिसरी तार, जमिनीची नव्हे, वेगळी, डबीतून बाहेर सोडलीय, ती तशीच राहू दे. तिचं काम नंतर."

१९ नोव्हेंबर

सकाळी ६.४० ला डबी जोडली. दीड व्होल्ट कायम. तिसरी तार पिवळी, टोकाला माइकच्या सॉकेटला बसेल अशी पिन. फेलिक्सनं ती कागदात गुंडाळून तशीच लोंबत ठेवली होती. उघडी तार लोंबत ठेवणं म्हणजे आमच्या खात्यात निलंबन. मी माणसांना त्यावरून शिव्या घातल्यात. मी ती सॉकेटात खुपसली, चांगली बसली. चिकटपट्टी मारून भिंतीकडेला नेली. आता कसं नीटनेटकं दिसतंय.

७.०० ला कॉम्प्युटर चालू करून प्रोग्राम उघडला. त्याच क्षणी रेडिओवरचा हिरवा दिवा विझला आणि लाल लागला. बरं वाटलं. सबस्टेशनात हिरवा म्हणजे लाइन बंद, लाल म्हणजे लाइन चालू. जोडणी जमली.

आणखी एक झालं. खरखर थांबली. अकरा आठवडे चोवीस तास चाललेली खरखर एकदम थांबली आणि खोली शांत झाली. तिच्या खुर्चीत बसून राहिलो. माइक तिच्या उंचीला लावलेला आहे, माझ्या छातीपाशी येतो.

पडद्यावर काही उमटलं नाही. आठ वाजता बंद केलं. हिरवा लागला, खरखर परत.

२० नोव्हेंबर

सात ते आठ बसलो. लाल दिवा. शांत. कोणी नसलं की माणूस बडबडतो, तसं झालं. "जलजा, कपाटाची चावी कुठे ठेवलीस? अश्विताला कागद पाठवायचेत. तीन दिवस शोधतोय." असं म्हटलं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकलो. मग म्हटलं, इथे कोण ऐकतंय. गंजीला चव नाही, हेही सांगितलं. तिनं घातलेलं लोणचं संपलं, तेव्हापासून जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं.

दिवसभर मोबाइल वाजत होता, सात वेळा. कोटेश्वरचे होळ्ळ मास्तर. जलजाच्या मागे आता नेटची हजेरी तेच घेतात. सांत्वन करणार, दुसरं काय. घेतला नाही.

२१ नोव्हेंबर

दुपारी घरातला जुना फोन वाजला. गॅसवाला असेल म्हणून घेतला.

"मी शिरसीहून भागी हेगडे. तुम्ही मला ओळखत नाही."

"नाही."

"उकड्या तांदळाच्या डब्यात तळाला बघा."

ठेवून दिला. बघितलं. चावी होती, कापडाच्या पुरचुंडीत.

जलजा या लोकांना घरातलं काय काय सांगत असे देव जाणे. नवऱ्याला नाही सांगितलं, शिरसीला सांगितलं. पण या बाईला आजच फोन करायची कशी बुद्धी झाली? असतात योगायोग. सबस्टेशनात एकाच दिवशी तीन ट्रान्स्फॉर्मर गेलेले बघितलेत.

सकाळी सात ते आठ बसलो होतो. रेडिओला अर्थिंगचं सांगितलं. "बादलीचं मला आता कळलं" एवढंच म्हटलं.

२२ नोव्हेंबर

उडुपीच्या बसचा कंडक्टर दारात. हातात चिनीमातीची बरणी, तोंड फडक्यानं बांधलेलं. अप्पेमिडीचं, म्हणजे कोवळ्या अख्ख्या कैऱ्यांचं लोणचं. "कोटेश्वरला एक म्हातारे मास्तर चढले, तुमच्या पत्त्यावर द्या म्हणाले आणि उतरून गेले." गंजीबरोबर खाल्लं. आंबट लागलं, तिखट लागलं. एवढी नोंद करण्यासारखी आहे.

हे रेडिओवाले एकदम का जागे झाले कळत नाही. इतके आठवडे कुठे होते? खरं तर फोन करत होते, मीच घेत नव्हतो.

प्रोग्राम अजून ढिम्म आहे. रेडिओचा पंखा मात्र हल्ली जोरात फिरतो. गरम होत असेल, खोली बंद असते.

२३ नोव्हेंबर

आज सांगून टाकलं. लाल दिव्याकडे बघत सांगितलं, म्हणजे कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

तीस ऑगस्टला सकाळी आठला वीस मिनिटं कमी असताना तिनं "अहो" अशी हाक मारली. मी पुढच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. घड्याळ समोर होतं म्हणून वेळ ठाऊक. या घरात त्या खोलीतून दिवसभर कोणी ना कोणी कोणाला हाका मारतच असतं. मला वाटलं, रेडिओवर कोणाला तरी बोलावतेय. एरवी तिनं हाक मारली की माझं ठरलेलं उत्तर असायचं, "आलो, मेलो नाही अजून." अश्विता चिडायची त्यावर. त्या दिवशी मी ते म्हटलं नाही. पान उलटलं. आठ वाजून दहा मिनिटांनी चहा घेऊन गेलो तर ती खुर्चीतून खाली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?" चौतीस वर्षं मिनिटाची नोंद ठेवणारा माणूस त्यांना म्हणाला, "माहीत नाही."

"जलजा, ती हाक मला होती का?" एवढं विचारलं. कोण सांगणार. आठला बंद केलं. दोन केळी खाल्ली.

२४ नोव्हेंबर

सकाळी ७.२० ला मी खोलीत असताना मागच्या दारानं फेलिक्स शिरला. बोटं ओठांवर. सरळ कॉम्प्युटरकडे गेला, प्रोग्राम मिटला, लाल विझून हिरवा लागला. खरखर आणि त्या खरखरीत कोणीतरी बाईमाणूस, "...बंद झालं. कोणीतरी पोचलं वाटतं." लगेच गप्प.

फेलिक्स तिच्या पलंगावर बसला. होळ्ळ मास्तरांचा निरोप मिळताच गोव्याहून रातराणीनं तसाच आला होता, लग्नाचा कोट अंगात.

"ती तार का लावलीस?"

"लोंबत होती."

"लोकण्णा, लाल दिवा म्हणजे काय?"

"लाइन चालू."

"आमच्याकडे लाल म्हणजे तू बोलतोयस आणि जग ऐकतंय. त्या पिवळ्या तारेनं कॉम्प्युटर रेडिओचं बोलायचं बटण दाबतो. तू प्रोग्राम उघडलास की माइक उघडा. आणि रेडिओ बोलत असला की ऐकत नाही, म्हणून तुला शांत वाटत होतं. तिनं नेटवर लावून ठेवलेला रेडिओ. रोज सात वाजता. नेटच्या वेळेला!"

मी विचारलं, "कुठपर्यंत जातं?"

"बेळगाव. हवा चांगली असली तर पुणं."

नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच वाक्य शिकवायचो. स्वतः अर्थिंग करून बघितल्याशिवाय कुठलीही लाइन मेली आहे असं समजू नका. चौतीस वर्षं शिकवलं. मग सहा दिवस चालू लाइनवर बसून राहिलो.

होळ्ळ मास्तर दुपारी आले, पहिल्यांदाच. अठ्ठ्याहत्तर वय, छत्री, धोतर, निवृत्त गणिताचे शिक्षक. चप्पल काढून दाराशीच उभे.

"बंगेरा, मी माफी मागायला आलोय."

"तुम्ही कशाला? कायदा मी मोडला."

"तुम्ही चुकून मोडला. आम्ही कळून ऐकलं. पहिल्या दिवशी फोन केले, तुम्ही घेतले नाहीत. फेलिक्स गावात नाही. नेट मी बाजूच्या जागी हलवलं, सगळ्यांना सांगितलं की जलजक्काची जागा मोकळी ठेवा. पण एकट्या माणसाच्या घरातला माइक उघडा, कोणीतरी ऐकत राहायला हवं, पडला-झडला तर? म्हणून भागी राहिली. आणि मी राहिलो." छत्री या हातातून त्या हातात घेतली. "थांबवायला यायला हवं होतं. बसनं दीड तास. मी आलो नाही. लोणचं पाठवलं."

"चांगलं होतं लोणचं."

"कालचंही ऐकलं."

 फेलिक्सनं खिडकीबाहेर बघितलं.

मास्तर म्हणाले, "ती हाक तुम्हाला नव्हती, बंगेरा. त्या दिवशी पावणेआठच्या सुमाराला मी तिला बोलावत होतो. माझा आवाज तुटत होता. ती दोनदा म्हणाली, अहो, ऐकताय का, अहो मास्तर. ते तुम्ही ऐकलंत. मला हाक मारत होती ती."

त्यांनी चहा घेतला. पाचच्या बसला बसवून आलो. चढताना त्यांच्या छत्रीचं टोक पायरीत अडकलं, मी सोडवलं. 

२५ नोव्हेंबर

कपाट उघडलं. कागदांखाली तिची लॉगबुकं, एकोणीस वर्षांची. माझ्यासारखेच रकाने. वेळ, कोणाशी बोलली, आवाज कसा होता. शेवटच्या वहीत तीस ऑगस्टचं पान. शेवटची नोंद होळ्ळ मास्तरांची, ७.१८. आवाज स्वच्छ, असं लिहिलंय. खाली तिच्या अक्षरात: ७.२२, नेट बंद.

नेट बंद केल्यावर ती कधी कोणाशी बोलायची नाही. हे त्या खोलीत चहा नेणाऱ्यालाही ठाऊक होतं.

मास्तर चाळीस वर्षं गणित शिकवत होते. वेळेत वीस मिनिटांची चूक करणारा माणूस नव्हे. बसचं भाडं भरून, या वयात, धोतर नेसून ते मला हे सांगायला आले. वही मिटून ठेवली. फेलिक्सलाही दाखवणार नाही.

२६ नोव्हेंबर

फेलिक्सनं पिवळी तार कापली. माझ्यासमोर कापली आणि टोक माझ्या हातात दिलं, "घे, मिरव." मग रेडिओची छपरावर जाणारी केबल काढून तिच्या जागी रंगाचा एक डबा जोडला. डब्यात तेल, तेलात एक जाड रेझिस्टर. आकाशात जायचं ते सगळं डब्यात जिरतं.

"गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या आवाजात हवेत सोडायचं नाही," तो म्हणाला. "आमच्यात तसं करत नाहीत. हे फक्त घरातल्यांसाठी." मोबाइल रेकॉर्डिंगला लावून रेडिओच्या स्पीकरसमोर ठेवला. प्रोग्राम उघडला. हिरवा हिरवाच राहिला. पडद्यावर पहिल्यांदाच रेडिओचे आकडे उमटले. डबीतल्या टिकल्यांमधून उजेड जाऊ-येऊ लागला म्हणायचा.

एक नंबर. तिचा आवाज, इंग्रजीत, वर्गातल्या बाईसारखा खणखणीत, सगळ्यांना साद घालणारा. मी खुर्चीचा हात धरला. ओळखीचा होता आणि नव्हताही. हा तिचा रेडिओतला आवाज, पन्नास जणांचा.

दोन नंबर, आकडे. तीन नंबर, धन्यवाद आणि शुभेच्छा. फेलिक्सनं तीन वेळा नाक पुसलं. मला काही झालं नाही. मनात म्हटलं, अश्विताला पाठवू, तिला बरं वाटेल.

"चार नंबर तिनं वापरल्याचं आठवत नाही मला," फेलिक्स म्हणाला. "रिकामा असेल." तरी वाजवला.

आधी काहीच नाही, नुसता पंख्याचा आवाज. मग माइकवर बोटानं टकटक. मग तिचा आवाज, इंग्रजी नाही, आमची घरची तुळू, मान वळवून बोलल्यासारखा:

"अहो! अहो, ऐकताय का? गंजी उतू जातेय बघा."

लांबून भांडं पडल्याचा आवाज. आणि त्याहून लांबून, स्वयंपाकघरातून, एक माणूस ओरडतो:

"आलो, आलो! मेलो नाही अजून!"

ती हसते. हसता हसता तुकडा संपतो.

फेलिक्सनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, परत लाव. त्यानं लावला. परत. पाचव्यांदा मी त्या माणसाबरोबर ओरडलो, "आलो!", आणि मग मला रडू आलं. तीस ऑगस्टपासूनचं सगळं एकदम आलं. जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडलो, नाक, तोंड, सगळं. फेलिक्स मोबाइल बंद करायला विसरला, त्यामुळे अश्विताला पाठवलेल्यात तेही गेलंय. जाऊ दे.

एकदा तिनं हाक मारली आणि मी गेलो. एकदा मारली आणि नाही गेलो. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, एकीनं दुसरी खोडली जात नाही. पण मी गेल्याचीही नोंद आहे हे मी विसरलो होतो.

दुपारी होळ्ळ मास्तरांना फोन केला. म्हटलं, "मास्तर, तुम्ही म्हणालात तेच बरोबर. ती हाक तुम्हालाच होती." ते मग म्हणाले, "लोणचं संपलं की सांगा."

संध्याकाळी ५.४५. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या.